"घाबरू नका, तो काही करत नाही"

कुत्रा पाळणाऱ्या आपल्या सगळ्यांना एक विनंती करायची आहे आणि ती नीट समजावी म्हणून आधी काय झालं ते सांगते, पोस्ट मोठी होणार आहे, पण वाचा.

आमची टिकली रस्त्यावरून घरी आलेली. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून टिकली. येऊन दोन वर्षं होत आली तरी कोणी पटकन हात वर केला की ती अजून जमिनीला चिकटते. तिला बाहेरच्या जगाची सवय व्हावी म्हणून मी तिला नदीकाठच्या त्या पार्कात न्यायला लागले जिथे कुत्र्यांना आणायला परवानगी आहे. पहिले काही दिवस आम्ही गेटजवळच बसायचो, मग पहिल्या बाकापर्यंत, मग झाडांच्या रांगेपर्यंत, आणि असं करत करत तीन महिन्यांनी ती पहिल्यांदा स्वतःहून पाण्याच्या काठापर्यंत गेली. त्या दिवशी मला किती आनंद झाला होता ते कुत्रा असणाऱ्यालाच कळेल.

आणि साधारण तीन आठवड्यांपूर्वी तिकडेच एक मोठा लॅब्रॅडोर लांबून सुसाट धावत सरळ आमच्या अंगावर आला. पट्टा नाही, मालक पन्नास पावलं मागे, आणि तिथूनच हात हलवत ओरडतायत, "अहो घाबरू नका, काही करत नाही तो, एकदम फ्रेंडली आहे!"

खरंच काही करत नव्हता तो. त्याला खेळायचं होतं, शेपूट हलत होती, गोड होता अगदी. पण टिकली मागे सरकली, अजून मागे सरकली, मान खाली घातली, आणि कॉलर तिच्या डोक्यावरून निघून माझ्या हातात आली. ती जी पळाली ती थेट नदीच्या चिखलात. छातीपर्यंत पाण्यात उभी, अंग थरथरतंय, आणि मी एक पाऊल पुढे टाकलं की ती एक पाऊल आत. घाबरलेल्या कुत्र्याच्या मागे धावायचं नसतं एवढं सुदैवाने मला माहीत होतं, म्हणून मी तिथेच ओल्या मातीत बसले, तिच्याकडे पाठ थोडी वळवली, तिच्याकडे बघितलं नाही, नुसतं हळू आवाजात काहीतरी बोलत राहिले. वीस मिनिटं लागली. वीस मिनिटांनी माझ्या कोपराला ओलं नाक लागलं तेव्हा मी रडले.

ते काका वाईट नव्हते हे मला मुद्दाम सांगायचंय. त्यांचा चेहरा पडला होता, दोन-तीनदा सॉरी म्हणाले. पण ते वाक्य बघा ना. "तो काही करत नाही." हे आपण आपल्या कुत्र्याबद्दल बोलतो, समोरच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नसतं. समोर लहानपणी कुत्रा चावलेला माणूस असेल, काठी टेकत चालणारे आजोबा असतील ज्यांना नुसता धक्का लागला तरी हाड मोडेल, नुकतं ऑपरेशन झालेला कुत्रा असेल, किंवा टिकली असेल. आणि माणसांच्या भीतीला तर चांगलं कारण आहे. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं आणि माणसाला रेबीज होतो तो बहुतेक वेळा कुत्र्यामुळेच होतो. आपल्या कुत्र्याला सगळी इंजेक्शनं दिली आहेत हे आपल्याला माहीत, त्याच्या कपाळावर ते लिहिलेलं नसतं.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूशच आहे असं नाही. वर ताठ धरून भराभर हलणारी शेपूट ताण दाखवते. भूक-झोप काही नसताना ओठ चाटणं, जांभई देणं, मान बाजूला वळवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, हे सगळं "मला जागा द्या" असं सांगणं आहे. शहाणे कुत्रे एकमेकांना भेटताना सरळ समोरून येत नाहीत, थोडं वळण घेऊन बाजूने येतात. पण पट्ट्यात बांधलेल्या कुत्र्याला वळण घेता येत नाही आणि पळताही येत नाही, त्यामुळे समोरून मोकळा कुत्रा धावत आला की त्याच्याकडे दोनच रस्ते उरतात, गोठणं किंवा चावणं. उद्या टिकली चावली असती तर सगळ्यांनी तिलाच नावं ठेवली असती.

म्हणून पट्टा. पाच-सहा फुटांचा साधा पट्टा, तो बटण दाबलं की लांबत जाणारा नको, कारण तो झटक्यात आवरता येत नाही आणि त्याच्या दोरीने हातपाय कापतात. भित्र्या कुत्र्याला हार्नेस घाला, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, मी हे उशिरा शिकले. पट्ट्याला पिवळी रिबन बांधली की या कुत्र्याला लांबूनच बघा, असा अर्थ होतो, जगात बऱ्याच ठिकाणी ही खूण चालते. मी आता बांधते. कोणाला कळत नाही, मग मी सांगते. सांगायचा कंटाळा नाही मला.

आता दुसरं वाक्य, पहिल्याचं सख्खं भावंड: "एकाने काय होतंय."

हे मी स्वतः म्हटलेलं आहे. टिकलीच्या मानेवर पिसवा आणि गोचिडांचं औषध टाकलं, ते थेंब असतात ना ते, आणि दोनच दिवसांनी तिला पाण्यात खेळू दिलं. नंतर वाचलं की इंग्लंडमधल्या 20 नद्यांच्या पाण्याचे 2016 ते 2018 मधले नमुने तपासले तेव्हा त्यातल्या 98 टक्के नमुन्यांत फिप्रोनिल सापडलं आणि 66 टक्क्यांत इमिडाक्लोप्रिड. दोन्ही या थेंबांमध्ये वापरली जाणारी कीटकनाशकं. पाण्यातले किडे त्याने मरतात, आणि ते किडे खाऊन जगणारे मासे आणि पक्षी असतात. मला खूप वाईट वाटलं. आता औषध टाकल्यावर तिला पाण्यात कधी सोडायचं ते मी डॉक्टरांना विचारते आणि तेवढे दिवस आम्ही काठावरच फिरतो.

आणि शी. शी उचला हो. "माती आहे, खत होईल" हे मी इतक्या वेळा ऐकलंय. नाही होत खत. कुत्र्याच्या शीमधून जंतांची अंडी मातीत जातात, ती ताज्या शीत लगेच लागण करत नाहीत पण दोन-चार आठवड्यांत तयार होतात आणि मग वर्षानुवर्षं मातीत टिकतात. म्हणजे आज पडलेली शी दिसेनाशी झाल्यावर, पुढच्या महिन्यात तिथे खेळणारं, मातीचे हात तोंडात घालणारं बाळ धोक्यात येतं, आणि त्या जंतांनी कधीकधी डोळ्याला कायमची इजा होते. नदीकाठी तर पाऊस पडला की सगळं वाहून पाण्यातच जातं. न्यूयॉर्कमध्ये शी उचलायचा कायदा 1978 साली लागू झाला, आणि अमेरिकेतलं पहिलं समजलं जाणारं डॉग पार्क बर्कलीला 1979 मध्ये झालं. दोन वेगळी शहरं, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, पण तो क्रम मला पटतो. आधी उचलायची सवय, मग मोकळं सोडायची जागा.

पाणी आपल्या कुत्र्यालाही सोडत नाही, तेही सांगते. उंदरांच्या लघवीतून लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा आजार पसरतो, साचलेल्या पाण्यातून आणि ओल्या मातीतून, कुत्र्याला होतो आणि आपल्यालाही होतो. त्याची लस दरवर्षी द्यावी लागते, विसरू नका. आणि उन्हाळ्यात संथ पाण्यावर हिरव्या रंगासारखा तवंग दिसला तर त्या दिवशी कुत्र्याला पाण्याजवळ नेऊच नका, त्यातल्या काही शेवाळांचं विष काही तासांत जीव घेऊ शकतं. काठावरच्या गवतात टिटवीसारखे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, त्यामुळे तिथे तर कुत्रा मोकळा सोडायचाच नाही.

एवढं सगळं असताना जायचं कशाला, असं माझी बहीण म्हणते. तिला मी एकदा सोबत नेलं होतं. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण 50-60 लाख, कुत्र्याच्या नाकात 20 कोटींच्या पुढे. टिकली नदीकाठी एका दगडापाशी पाच पाच मिनिटं उभी राहते, ओल्या मातीत नाक खुपसते, मान वर करून वारा वास घेत घेत वाचते. घरात चार भिंतींत तिला हे कुठून देऊ? लोक पट्टा ओढत "चल चल" करतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, अर्धा तास चालवण्यापेक्षा दहा मिनिटं मनासारखं हुंगू दिलं तर ती जास्त शांत झोपते, मी रोज बघते. म्हणूनच ही परवानगी जायला नको आहे मला. चार तक्रारी झाल्या की गेटवर "कुत्र्यांना मनाई" अशी पाटी लागायला वेळ लागत नाही, आणि ती पाटी लागली की पट्टा बांधणारे आणि न बांधणारे सगळे सारखेच बाहेर.

आज सकाळी परत गेलो होतो. त्या दिवसानंतर टिकली गेटच्या आतच यायला तयार नव्हती, आज झाडांच्या रांगेपर्यंत आली. आणि समोरून तेच काका, तोच लॅब्रॅडोर, पण पट्ट्यात. ते लांबच थांबले, मोठ्याने विचारलं, "ताई, येऊ का जवळ?" मी म्हटलं, "आज नको काका." त्यांनी मान डोलावली आणि रस्ता सोडून गवतातून लांबून वळसा घेऊन गेले.

टिकली त्यांच्याकडे बघत उभी राहिली. ते गेल्यावर, ते जिथे थांबले होते तिथपर्यंत ती मला ओढत घेऊन गेली आणि ती जागा तिने खूप वेळ हुंगली.