‘फसवणूक’ म्हणालात म्हणून हे उत्तर

नमस्कार. मागच्या आठवड्यात अकरावी-बारावीच्या मुलांसाठी कोरिलेशन (दोन गोष्टी किती जोडीने वाढतात-घटतात) आणि रिग्रेशन (ग्राफवरच्या ठिपक्यांना सगळ्यात जवळची रेषा) यावर लिहिलं होतं, त्यावर पुण्याच्या एका वाचकांची लांबलचक कमेंट आलीय. नाव दिलेलं नाही, पण आयुष्यभर गणित शिकवलंय असं म्हणतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मी आर (कोरिलेशन मोजणारा आकडा, वजा १ ते १ मधला) आणि रेषेचा उतार यांचा घोळ केला, रिग्रेशनच्या दोन रेषा असतात हे सांगितलंच नाही, रेषा हातातल्या आकड्यांच्या पलीकडे ताणून अंदाज बांधला, गाल्टनची गोष्ट उगाच घातली, माझं मराठी हिंदाळलेलं आहे, आणि शेवटी हे वाक्य: “सूत्र न शिकवता आधी ठिपके काढायला लावणं ही मुलांची फसवणूक आहे मॅडम.”

चूक ती चूक, ती आधी मान्य करते. माझ्या उदाहरणात पाच मुली होत्या, टेस्टच्या आधी १, २, ३, ४, ५ तास अभ्यास केलेल्या आणि दहापैकी मार्क २, ३, ५, ४, ६. यात आर येतो ०.९ आणि रेषा येते वाय = १.३ + ०.९ एक्स, म्हणजे उतारही ०.९, आणि त्या भरात मी लिहून गेले की आर म्हणजेच उतार. तसं नसतं. आरला वायच्या प्रमाण विचलनाने (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) गुणायचं आणि एक्सच्या प्रमाण विचलनाने भागायचं, तो उतार. इथे दोन्ही विचलनं सारखी निघाली म्हणून जुळलं. तेच मार्क शंभरपैकी धरा, उतार ९ होतो, आर तिथेच ०.९ वर. वाक्य दुरुस्त केलंय. पण एका वाक्यावरून “यांचं बेसिकच कच्चं आहे” इथपर्यंत जायची काय गरज होती ते मला कळलं नाही.

आता ‘फसवणूक’. हा शब्द मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरतेय. फसवणूक म्हणजे माहीत असून खोटं सांगणं, पैसे घेऊन माल न देणं. इंदूरच्या सुदामा नगरात बावीस वर्षं क्लास घेतेय, पालक समोर बसून विचारतात, भांडतात, फी उशिरा देतात, पण हा शब्द आजवर कोणी वापरला नाही, आणि तुम्ही एक लेख वाचून वापरलात.

मी सूत्र शिकवत नाही असं कुठे लिहिलंय? आधी ठिपके, मग सूत्र, एवढंच लिहिलंय. आणि ते का, तर मी स्वतः उलट्या क्रमाने शिकले म्हणून. अकरावीत आम्हाला सरांनी फळ्यावर आर काढायचं कार्ल पिअर्सनचं सूत्र लिहून दिलं आणि वीस वेळा कॉपीत उतरवायला लावलं. पाठ झालं. सहामाहीत माझं उत्तर आलं १.४, आणि मी त्याच्याखाली दोन रेघा मारून पेपर दिला, कारण आर एकच्या वर जाऊच शकत नाही हे मला कोणी दाखवलंच नव्हतं. पेपर वाटताना सरांनी तो आकडा वर्गात मोठ्याने वाचला. सगळे हसले. ते हसू अजून आठवतं मला, आणि तुम्ही मला सांगताय की सूत्र आधी!

परवाचीच गोष्ट. त्याच पाच मुलींचे ठिपके ग्राफ पेपरवर काढून झाले, सगळे छान वर चढत गेलेले. मग एक मुलगी म्हणाली, ताई मी ९ तास अभ्यास केला होता आणि १ मार्क मिळाला, त्या दिवशी ताप होता, माझा ठिपका कुठे? तिने स्वतः उठून पेन्सिलने तो खाली उजव्या कोपऱ्यात टाकला, बाकीच्यांपासून लांब, एकटा. मग सगळ्यांनी सहा जणींचा आर काढला. आला वजा ०.२३. एका ठिपक्याने ०.९ चा वजा ०.२३! आता ही पोरगी नुसतं सूत्र वापरून बसली असती तर तिने काय लिहिलं असतं? की अभ्यास वाढला की मार्क कमी होतात. हिशोब एकदम बरोबर, आणि निष्कर्ष सपशेल चुकीचा.

हे माझ्या क्लासपुरतं नाहीये. फ्रान्सिस अॅन्सकोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये नेमकं हेच दाखवलं. चार तक्ते, प्रत्येकात ११ जोड्या, चारही ठिकाणी आर जवळपास ०.८२ आणि रेषा तीच, वाय = ३ + ०.५ एक्स. काढून बघितलं तर एकात ठिपके साधे विखुरलेले, दुसऱ्यात चक्क वाकलेली कमान, तिसऱ्यात सगळे एका रेषेत आणि एकच उडालेला, चौथ्यात एक सोडून सगळे एकाच उभ्या ओळीत. सूत्राला चारही सारखेच. मग फसवतं कोण, सांगा ना.

बाकीचं. दोन रेषा असतात, एक एक्सवरून वाय सांगणारी, दुसरी वायवरून एक्स, दोन्ही उतारांचा गुणाकार आरचा वर्ग येतो, हे मला माहीत आहे, पहिल्या ओळखीच्या लेखात ते कोंबायचं नव्हतं. रेषा ताणण्याचं मी वर्गात तोंडी सांगते. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये ९२८ मुलांच्या उंच्या आईवडिलांच्या उंचीशी ताडून बघितल्या, फार उंच किंवा फार बुटक्या आईवडिलांची मुलं सरासरीकडे परत येतात हे त्याला दिसलं आणि ‘रिग्रेशन’ हे नाव त्यातूनच आलं, तर ती गोष्ट उगाच कशी? आणि मराठीबद्दल म्हणाल तर आमच्या चार पिढ्या इंदूरला गेल्या, इथे वहीला कॉपीच म्हणतात, तुम्हाला कळलं ना, मग झालं.

कधी इकडे येणं झालं तर संध्याकाळी पाच ते सात क्लास असतो. मागच्या बाकावर जागा असते, पेन्सिल आणि ग्राफ पेपर मी देईन, आणि काय म्हणायचंय ते मुलींसमोर म्हणा.