एप्रिलच्या स्की सहलीतल्या बर्फाबद्दल तुम्ही दिलेल्या दोन ताऱ्यांना उत्तर

नमस्कार. तुमच्या तक्रारी तीन आहेत. अहवालात १८० सेंटीमीटर बर्फ लिहिला होता, पण सकाळी तो काचेसारखा कडक आणि दुपारी नुसता पाणचट मिळाला. गावापर्यंतचा उतार बंद होता. मग बर्फाची हमी कसली, असं तुम्ही विचारलं आहे.

१८० हा आकडा स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या वरच्या टोकाचा, म्हणजे २,२०० मीटरवरचा. गाव १,१०० मीटरवर आहे. दर हजार मीटरला तापमानात साधारण साडेसहा अंशांचा फरक पडतो, म्हणजे वर ३ अंश असताना गावात १० असतात. म्हणून शेवटचा उतार सगळ्यात आधी जातो. तो तोफांनी कृत्रिम बर्फ टाकून जोडताही येत नाही, कारण त्यासाठी ओल्या फडक्याच्या तापमापीवर (हवेतला ओलावाही धरून मोजणाऱ्या) उणे २ किंवा त्याखालचं तापमान लागतं आणि एप्रिलमध्ये एवढ्या खाली तशा रात्री क्वचितच मिळतात.

आता काच आणि पाणी. तो एकच बर्फ आहे, फक्त वेळ वेगळी. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आकाशात सोडतो, त्यामुळे हवा शून्याच्या थोडी वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. सकाळी ऊन लागलं की वरचे दोन-तीन सेंटीमीटर सैल, रवाळ होतात आणि खालचा थर घट्ट राहतो. याला कॉर्न स्नो म्हणतात, आणि वसंतात यासाठीच जावं! एका उतारावर तो तास-दोन तासच टिकतो, पण जागा बदलतो: आधी पूर्वेकडे तोंड असलेले उतार, मग दक्षिणेकडचे, शेवटी पश्चिमेकडचे. उत्तरेकडचे बराच वेळ कडकच राहतात. सुरुवात तिथून केली तर काचच मिळणार. रात्र ढगाळ गेली तर मात्र बर्फ गोठतच नाही. अशा दिवशी पहिल्या लिफ्टने थेट वर जायचं आणि दुपारच्या आत आवरायचं. आखलेल्या उतारांबाहेर तर दुपारी जाऊच नये, ओल्या बर्फाचे हिमकडे कोसळतात.

स्की भाड्याने घेताना दोन गोष्टी मागून घ्या: सकाळसाठी धार लावलेल्या कडा आणि स्कीच्या तळाला लावलेलं ओल्या बर्फाचं मेण. थंडीचं मेण असलं की दुपारी स्की अचानक चिकटते, माणूस पुढे झुकतो आणि गुडघा दुखावतो.

आमची हमी लिफ्ट बंद पडण्यापुरती आहे: निम्म्याहून कमी लिफ्ट चालू असतील तर आम्ही तुम्हाला उंचावरच्या ठिकाणी हलवतो. तुमच्या आठवड्यात बहुतेक लिफ्ट चालू होत्या, म्हणून ती लागू झाली नाही. बर्फ दिवसभर एकसारखा राहील अशी हमी एप्रिलमध्ये कुणीच प्रामाणिकपणे देऊ शकत नाही.

पुन्हा एप्रिलमध्येच जायचं असेल तर गावच उंच निवडा. फ्रान्समधलं वाल थोरेन्स २,३०० मीटरवर आहे. ऑस्ट्रियातल्या हिंटरटुक्सच्या हिमनदीवर ३,२५० मीटरपर्यंत लिफ्ट जातात. आणि नुसतं ‘ईस्टरला’ म्हणून बुकिंग करू नका. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलमध्ये कधीही येतो. २०२५ साली तो २० एप्रिलला होता, २०२७ साली २८ मार्चला आहे. तारखा कळवल्यात तर कोणता उतार किती वाजता घ्यावा, याचा दिवसवार तक्ता आम्ही निघण्याआधी पाठवू.