आयकर, दिवाण आणि २१४ रुपयांचा नफा

दरवर्षी ३१ जुलैच्या रात्री साडेअकराला आमच्या हॉलमध्ये एक माणूस लॅपटॉपसमोर घामाघूम होऊन बसलेला असतो, तो मी. साइटचं चक्र फिरत असतं, मी मनात पाच हजार लेट फी मोजत असतो आणि बायको आतून विचारते, "अहो, झालं का तुमचं?" झालेलं नसतंच.

म्हणून २०२५च्या पाडव्याला, कडुलिंबाने तोंड कडू असतानाच, जाहीर केलं की यंदा रिटर्न सगळ्यात आधी भरणार. आई म्हणाली, "आधी दिवाणाखालची पिशवी काढ."

ही पिशवी साडीच्या दुकानाची, बंद फाटलेले, आणि आमच्या घरात आलेला प्रत्येक महत्त्वाचा कागद शेवटी तिथेच जातो. वरून बघितली तर यंदाची पावती, जरा खाली हात घातला की २००९ सालच्या मिक्सरचं गॅरंटी कार्ड, त्याच्या खाली माझं बारावीचं हॉल तिकीट, आणि सगळ्यात तळाला रबरबँड, जे आता रबर राहिलेलं नाही आणि बँड तर नाहीच, कागदाला चिकटलेला नुसता तपकिरी चिकटा. पीपीएफची स्लिप, एलआयसीच्या हप्त्यांच्या पावत्या, मेडिक्लेम, मुलीच्या शाळेची फी, सगळं फरशीवर मांडलं. मेडिकलवाल्याच्या बिलांवरची अक्षरं मात्र उडून गेली होती, एका बिलावर फक्त "धन्यवाद" वाचता येत होतं. दोन रविवार गेले. नवीन फाइल आणली, रंगीत कप्पे केले, वर झोकात "२०२४-२५" लिहिलं, मग आठवलं की फॉर्मवर असेसमेंट इयर २०२५-२६ असतं, म्हणून खोडून तसं केलं, मग वाटलं पावत्या तर आधीच्या वर्षाच्या, परत खोडलं. (पैसे कमावायचे एका वर्षी आणि हिशेब द्यायचा दुसऱ्या वर्षाच्या नावाने, ही भानगड ज्याला पहिल्या फटक्यात कळली तो माणूस मी अजून पाहिलेला नाही.)

फाइल घेऊन सीएकडे गेलो. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, ऑफिसने तुम्हाला नव्या रिजीममध्ये, म्हणजे कराच्या नव्या पद्धतीत टाकलंय, तुमच्या आकड्यांना तेच बरं पडतंय, त्यात ८०सीची गुंतवणुकीवरची सूट वगैरे काही नसतं, या पावत्यांचं काही काम नाही. दोन रविवार! वर हेही सांगितलं की एप्रिलमध्ये येऊन उपयोग नाही, ऑफिसला फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, द्यायला १५ जूनपर्यंत वेळ असतो, बँका टीडीएसचा, म्हणजे कापून घेतलेल्या कराचा हिशेब मेअखेर भरतात, तो नंतर तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या वर्षभराच्या नोंदींत दिसतो, तोवर गप्प बसा. म्हणजे लवकर भरायचं तरी जूनच्या आधी हातात काही नाही.

त्यात मेच्या शेवटी बातमी आली की यंदा फॉर्म बदललेत म्हणून मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर. सगळ्या देशाला आनंद झाला, मला सोडून. मेव्हणा म्हणाला, "दाजी, आता गणपती झाल्यावर बघू." मी म्हटलं तू बघ गणपतीनंतर, मी ठरवलंय म्हणजे ठरवलंय.

जूनमध्ये फॉर्म १६ आला आणि मी एआयएस उतरवून घेतलं. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे छोट्या अक्षरात पॅन आणि पुढे जन्मतारीख. टाकला, उघडेना. पॅन तपासला, परत टाकला, उघडेना. चौथ्या वेळी आई मागून म्हणाली, "अरे खरी तारीख कशाला टाकतोस?" मी जन्मलो दिवाळीच्या आसपास, पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावली, माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांसारखी. सरकारदरबारी मी १ जूनचाच. टाकली, लगेच उघडलं.

आत माझी सगळी कुंडली. कॉलेजात असताना उघडलेलं आणि साफ विसरलेलं एक बचत खातं, त्याचं वर्षाचं व्याज ३७ रुपये. आणि खाली म्युच्युअल फंडाची विक्री. मेव्हण्याच्या नादाने घेतलेला फंड दोनच महिन्यांत घाबरून विकला होता, नफा २१४ रुपये. एवढ्याने काय होतंय म्हणून सीएंना फोन केला तर म्हणाले, हा शॉर्ट टर्म, म्हणजे थोड्या मुदतीतला नफा आहे, तुम्हाला आयटीआर १ हा रिटर्नचा फॉर्म चालणार नाही, आयटीआर २ लागेल. आयटीआर १ला सरकार 'सहज' म्हणतं. माझं सहज गेलं २१४ रुपयांत. आणि आयटीआर २ काही उघडेना, तो जुलैमध्ये उघडला. उघडला तर विचारतोय, हा नफा २३ जुलै २०२४च्या आधीचा की नंतरचा, कारण त्या दिवशीच्या बजेटमध्ये अशा नफ्यावरचा टॅक्स १५ टक्क्यांवरून २० झाला. मी २१४ रुपयांचा इतिहास शोधत बसलो. ऑगस्ट निघाला. म्हणजे २० टक्के, ४२ रुपये ८० पैसे, शिवाय सेस.

असो, भरलं. ऑफिसने मार्चमध्ये जरा जास्तच कापलं होतं त्यामुळे हे वळते होऊनसुद्धा तीन हजारांवर रिफंड निघत होता. आता फक्त ई-व्हेरिफाय, आधारचा ओटीपी. आणि आधारला नंबर बायकोचा! ती मंडईत. फोन लावला, म्हटलं आत्ता एक ओटीपी आला असेल तो सांग.

"कोण बोलतंय?"

"अगं मी."

"ओटीपी कुणाला सांगायचा नसतो. हल्ली आवाजसुद्धा हुबेहूब काढतात."

"अगं नंबर माझाच दिसतोय ना तुला?"

"तोही चोरतात. आमच्या माहेरच्या मांजरीचं नाव सांगा."

मला आठवेना. मागे भाजीवाली म्हणाली, "ताई, नका सांगू, माझ्या जावेचे असेच गेले." त्यात ओटीपीची वेळ संपली. संध्याकाळी ती घरी आल्यावर, शेजारी बसवून, दुसरा मागवला. (मांजरीचं नाव चिंगी. ते आता फाइलवर लिहून ठेवलंय.)

तर जुलैत माझं रिटर्न भरून, व्हेरिफाय होऊन तयार. ओळखीतल्या सगळ्यांना न विचारता सांगितलं. मेव्हणा १५ सप्टेंबरच्या रात्री बसला, साइट चालेना, मी मनातून खूश, आणि तेवढ्यात मुदत अजून एक दिवस वाढली. त्याने १६ला दुपारी भरलं आणि आठवड्याभरात त्याचा रिफंड जमा. माझं स्टेटस मी रोज सकाळी चहाबरोबर बघत होतो, अंडर प्रोसेसिंग.

दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला आला तेव्हा न राहवून त्याला विचारलं, असं कसं रे?

तो म्हणाला, "दाजी, तुम्ही फार लवकर भरलंत. त्यावर सगळ्यांचे येऊन पडले असणार. तुमचं तळाला गेलं."

मी हसलो. पण नजर दिवाणाकडे गेलीच.