तेल लागलं आणि नॉर्वे रातोरात श्रीमंत झाला?

‘१९६९ पर्यंत नॉर्वे हा युरोपातला सर्वांत दरिद्री, मासे मारून जगणारा देश. मग समुद्रात तेल लागलं, लॉटरी फुटली. आता सरकार प्रत्येकाला घरबसल्या पैसे वाटतं, कर नावापुरता.’ या आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय. तेलाने नॉर्वेचं नशीब पालटलं, हे कोणी नाकारत नाही. भानगड बाकीच्या मजकुरात आहे.

‘सर्वांत दरिद्री’ हे एकोणिसाव्या शतकाबद्दल म्हटलं असतं, तर एक वेळ चाललं असतं. लागवडीची जमीन जेमतेम तीन टक्के. १८२५ नंतरच्या शंभरेक वर्षांत आठ लाखांच्या आसपास माणसं देश सोडून गेली, बहुतेक अमेरिकेला. पण त्याच शतकाच्या अखेरीस याच देशाचा व्यापारी जहाजांचा ताफा जगातल्या पहिल्या काहींत होता.

आणि मग पाणी, जे या मजकुरातून साफ गायब आहे. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, त्याच वर्षी नॉर्स्क हायड्रो ही कंपनी निघाली. धबधब्यांची वीज वापरून हवेतल्या नायट्रोजनपासून खत करायचं, हा तिचा धंदा. तिचं १९११ चं वेमोर्क वीजकेंद्र तेव्हा जगात सर्वांत मोठं होतं. भांडवल मात्र बरंचसं फ्रेंच आणि स्वीडिश. आपले धबधबे परक्यांच्या घशात जातील या धास्तीने संसदेने १९०६ ते १९०९ दरम्यान कायदे केले: खासगी कंपनीला परवाना ठरावीक मुदतीचा, आणि मुदत संपली की धबधबा नि वीजकेंद्र विनामोबदला सरकारजमा. माझ्या मते तेलाची खरी गोष्ट इथे सुरू होते.

कारण ‘लॉटरी’चं तिकीट आधीच काढून ठेवलेलं होतं. उत्तर समुद्रातला एकोफिस्क हा तेलसाठा १९६९ मध्ये सापडला. समुद्रतळावरचा हक्क सरकारने १९६३ मध्येच जाहीर केला होता. परदेशी कंपन्यांचे अहवाल तपासायला माणूस हवा होता, तो मिळाला इराकचा: फारूक अल-कासिम हा भूवैज्ञानिक मुलाच्या उपचारांसाठी १९६८ मध्ये नॉर्वेत आला आणि उद्योग मंत्रालयात लागला. १९७२ मध्ये स्टाटऑइल ही सरकारी कंपनी आणि वेगळं तेल संचालनालय, दोन्ही उभी राहिली. त्याच उत्तर समुद्रात ब्रिटनलाही तेल मिळालं. पण नॉर्वेने पुढे तेलाची कमाई साठवायला जसा निधी उभारला, तसा तिथे नाही.

हे तेल घरबसल्याही आलं नाही. मार्च १९८० मध्ये ‘अलेक्झांडर शेलान’ हा तरंगता निवासी तळ उलटला, १२३ जण गेले.

राहिलं पैसेवाटप. तेलाच्या या निधीचा कायदा १९९० चा, पहिली भर १९९६ ची. पैसा परदेशातच गुंतवतात. निधीतून वर्षाला किती काढायचं याचा दंडक २००१ मध्ये चार टक्के ठरला, २०१७ पासून तो तीन टक्के आहे. ही रक्कम सरकारी अंदाजपत्रकात जाते, कोणाच्या बँक खात्यात नाही. आणि नावापुरता म्हणतात तो कर? बहुतेक वस्तूंवर मूल्यवर्धित कर २५ टक्के.