रिक्षातला माणूस दिसलाच पाहिजे, बस्स!

डोकं फिरलंय माझं. मला माझ्या गेममध्ये एक रिक्षा हवी आहे, जी प्लेयरला चालवता येईल आणि जिच्यात बसलेली माणसं दिसतील. रणगाडा नको, विमान नको, ड्रॅगन तर नकोच नको. नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवरून सुटणारी साधी शेअर रिक्षा. मागे तिघं, आणि पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही अंगांना अर्धं ढुंगण टेकवून दोघं. वॉरक्राफ्ट थ्री या जुन्या कॉम्प्युटर गेमच्या वर्ल्ड एडिटरमध्ये, म्हणजे त्याच्या मॅप बनवायच्या साधनात, नाशिकचा मॅप बनवतोय मी. शालिमार झालं, रविवार कारंजा झाला, गोदाघाटाच्या पायऱ्यासुद्धा झाल्या. अडलंय कुठं? माणूस रिक्षात बसवण्यात!

‘त्यात काय एवढं, रिक्षाला माणसं आत घ्यायची लोड ॲबिलिटी दे की,’ असं सांगणाऱ्यांची रांग लागलीय. अरे, दिली ना बाबांनो! गेममध्ये ती आहेच. गॉब्लिन झेपेलिन नावाचं हवाई जहाज माणसं घेऊन उडतं, ऑर्क लोकांच्या बरो नावाच्या इमारतीत ४ पिऑन, म्हणजे मजूर, घुसतात. पण घुसतात म्हणजे गायब होतात. या इंजिनच्या लेखी गाडीत बसलेला माणूस म्हणजे गिळलेला माणूस. युनिट, म्हणजे गेममधलं हलतं-लढतं पात्र, नकाशावरून नाहीसं होतं आणि खाली पट्टीत त्याचा एवढासा आयकॉन येतो. पाच पॅसेंजर भरलेली रिक्षा आणि रिकामी रिक्षा बाहेरून डिट्टो सारख्या. काय करू मी त्या आयकॉनचं?

दुसरे एक शहाणे. म्हणे, ‘नाइट बघ, घोड्यावर बसलेला दिसतो की.’ दिसतो, कारण नाइट आणि त्याचा घोडा मिळून एकच मॉडेल आहे! तो घोड्यावर कधी चढलेलाच नाही, तर उतरणार कुठून? ऑर्कचे लांडग्यावरचे रेडर घ्या, कोडोवरचा तो ढोलवाला घ्या, सगळे जन्मापासून खोगिराला चिकटलेले. मला चढणारा-उतरणारा माणूस पाहिजे.

मग अटॅचमेंट पॉइंटचा, म्हणजे मॉडेलला दुसरी वस्तू चिकटवायच्या जागांचा, रस्ता धरला. रिक्षाच्या मॉडेलमध्ये सीटच्या जागी पॉइंट टाकायचे आणि शेतकऱ्याचं मॉडेल स्पेशल इफेक्ट म्हणून तिथं चिकटवायचं. चिकटतं. रिक्षा वळली की तोही वळतो, चढावर कलली की कलतो. पण त्या शेतकऱ्याला बसायचं ॲनिमेशनच नाही. उभा राहतो, चालतो, लाकडं तोडतो, मरतो. बसत नाही. त्यामुळे महाशय मागच्या सीटवर ताठ उभे, कमरेपासून वरचा भाग रिक्षाच्या टपातून बाहेर, आणि खांद्यावर कुऱ्हाड. मिरवणूक निघाल्यासारखा चालला द्वारका सर्कलला.

बरं, तेही चालवून घेतलं असतं. पण इफेक्ट काढून टाकायची कमांड दिली की इंजिन त्या मॉडेलचं मरणाचं ॲनिमेशन चालवतं. हा त्याचा ठरलेला स्वभाव आहे, कारण स्फोट, धूर, जादू असल्या गोष्टींसाठी ते बनवलंय. माझ्याकडे त्याचा परिणाम असा, की पॅसेंजर पंचवटी कारंजाला पोचला, उतरायची वेळ झाली आणि सीटवरच किंकाळी फोडून आडवा. दर स्टॉपला एक मयत! यावर उपाय एकच, मॉडेल एडिटरमध्ये मरणाचं ॲनिमेशन उडवलेली वेगळी कॉपी करायची. म्हणजे प्रत्येक पात्राच्या दोन फाइली, एक चालणाऱ्याची, एक बसणाऱ्याची. आमची पोरं अजून गेमच्या १.२६ या जुन्या आवृत्तीवर खेळतात, तिथं मल्टिप्लेयर मॅप ८ एमबीच्या वर गेला की संपलं. गोदावरीचं टेक्स्चर ठेवू की पॅसेंजर ठेवू?

बसलेला माणूस मिळवायला मी नाइटचा घोडा कापून टाकला. वरचा सरदार उरला, बसलेला, पण पाय फाकवून, चिलखत घालून, तलवार उपसून. तलवार उडवली. चिलखताला शर्टाचं टेक्स्चर चढवलं. आता तो जरा माणसात आलाय, पण पाय फाकवलेलेच, म्हणजे एकटा तिघांची जागा खातो. (खऱ्या शेअर रिक्षातही असा एक असतोच, त्यामुळे तेवढं राहू दिलं.)

आणि हे सगळं केवळ दिसायला. त्याला मारता येत नाही, सिलेक्ट करता येत नाही, तो काही करू शकत नाही, कारण तो युनिटच नाही. जिवंत पॅसेंजर हवा असेल तर तिसरा रस्ता. खरं युनिट घ्यायचं आणि टायमर लावून दर ०.०३ सेकंदाला उचलून सीटच्या जागी ठेवायचं. इथून पुढे तर नुसता वैताग. युनिट जमिनीवर राहतं, त्याला सीटच्या उंचीवर न्यायचं, तर चालणाऱ्या युनिटची उंची बदलू देत नाही. त्यावरचा तोडगा काय, तर त्याला मेदिव्ह जादूगाराची कावळा व्हायची ॲबिलिटी द्यायची आणि पुढच्याच ओळीत काढून घ्यायची. मग उंची बदलते! रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना म्हणून लोक ताटकळतात, तसा मी माझ्या पॅसेंजरला कावळा लागतो का बघत बसतो.

उंची मिळाली तर तोंड फिरत नाही. युनिटला दिशा दिली की ते आपल्या वेगाने सावकाश वळतं. रिक्षा द्वारकेवरून नाशिकरोडकडे वळून सुसाट गेली तरी मागचे तिघं अजून मुंबईकडेच बघतायत. चढावर रिक्षा मागे झुकते आणि हे काटकोनात उभेच्या उभे. धक्का लागू नये म्हणून पाथिंग, म्हणजे एकमेकांना अडवणं, बंद करा, चुकून क्लिक होऊ नये म्हणून लोकस्ट नावाची ॲबिलिटी लावा. लोकस्ट लावला की शत्रूला निशाणाच धरता येत नाही, म्हणजे जिवंत पॅसेंजर घेऊन पुन्हा जिथल्या तिथं.

वर मेमरी लीक. ‘पोझिशन ऑफ युनिट’ लिहिलं की दर वेळी मेमरीत एक पॉइंट तयार होतो आणि आपण हाताने पुसला नाही तर तिथंच पडून राहतो. ०.०३ सेकंदाचा हिशेब लावा, एका तासाला एका पॅसेंजरमागे १,२०,००० पॉइंट. पाच पॅसेंजर म्हणजे ६ लाख. एक रिक्षा! जीयूआय ट्रिगर, म्हणजे माऊसने निवडून जोडायच्या सूचना, सोडून सगळं जॅस या गेमच्या प्रोग्रॅमिंग भाषेत एक्स-वाय घेऊन परत लिहायला लागतं, आणि मध्येच लाईट जाते. सेव्ह केलेलं नसताना नेमकी जाते ती.

चालवायचं तर विचारूच नका. या आवृत्तीत कीबोर्डवरून चालवायला फक्त बाणाच्या कळा मिळतात. कळ दाबली तरी तो हुकूम सगळ्यांच्या मशीनला कळेपर्यंत रिक्षा ऐकतच नाही. ब्रेक आत्ता दाबायचा आणि रिक्षा थांबणार पलीकडच्या पानटपरीत.

आणि एवढी मरमर करताना मामेभाऊ येऊन विचारतो, ‘पण दादा, माणसं दिसली नाही तर काय बिघडतं? कोण बघणारे?’

कोण बघणारे म्हणजे? अख्खा खेळच त्याच्यावर आहे! मालेगाव स्टँडवरून चार रिक्षा सुटल्या आणि त्यातल्या एकीत पलीकडच्या टीमचा गडी पैशाची पिशवी घेऊन बसलाय, तर मागून डोकावून तो ओळखता यायला नको? कुठल्या रिक्षामागे धावायचं ते कशावरून ठरवायचं, नंबर प्लेटवरून? माणसं दिसली नाहीत तर चार पिवळे-काळे डबे नुसते इकडून तिकडे फिरणार. तसलंच करायचं असतं तर मी टेट्रिस केलं असतं.

शेवटी काय केलं, दोन्ही रस्ते एकत्र बांधले. दिसायला चिकटवलेला इफेक्ट, मार खायला रिक्षा, आणि खरं युनिट मॅपच्या कोपऱ्यात लपवून ठेवलेलं. रिक्षा फुटली की ते उचलून रस्त्यावर टाकायचं, जखमेसकट. चाललं. पाचही दिसतात, बसलेले दिसतात, उतरताना कोणी मरत नाही.

परवा पोरांना खेळायला दिलं. सगळे आत बसले, रिक्षा अशोकस्तंभाकडे निघाली, मी श्वास रोखून बघतोय की आता कोणीतरी काहीतरी म्हणेल. तर मामेभाऊ म्हणतो, ‘दादा, हॉर्न नाही का रे याला?’