‘मध्यम’ म्हटलं ते चालूनच म्हटलं

नमस्कार.

फिनलंडच्या ओउलांका राष्ट्रीय उद्यानातल्या पिएनी कार्हुनकिएर्रोस या 12 किलोमीटरच्या गोल पायवाटेवर मी लेख लिहिला आणि अवघडपणात तिला ‘मध्यम’ श्रेणी दिली, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ही वाट ‘मध्यम’ नाही, सोपी आहे, माशांचा परिच्छेद पाल्हाळ आहे, वाट जिथून सुरू होते त्या यूमा गावच्या पार्किंगमधल्या गर्दीबद्दल अवाक्षर नाही, आणि शेवटी, “लेख घरबसल्या नकाशा बघून लिहिल्यासारखा वाटतो, लोकांना उगाच घाबरवू नका.”

पार्किंगचं मान्य. जुलैत, आणि सप्टेंबरात पानं रंगतात तेव्हा, उशिरा पोचणाऱ्याला गाडी लावायला जागा शोधत बसावं लागतं. ही ओळ लेखात घालतो. मासे मात्र राहतील. पानायार्वी तलावातून वर येणारा ट्राउट मासा कित्कायोकी नदीतल्या यूरॅवॅच्या 9 मीटरांच्या धबधब्याशी अडतो, त्यामुळे धबधब्याच्या वरचे आणि खालचे मासे वेगळे. तिथे उभं राहणाऱ्याला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. कंटाळा आला तर तो परिच्छेद सोडून पुढे जा.

आता ‘घरबसल्या’. वाटेच्या अवघडपणाबद्दल दोन माणसांचं दुमत होऊ शकतं, त्याचं काही नाही. पण ज्याला तुम्ही कधी पाहिलेलं नाही, तो न जाताच लिहितो असं चारचौघांत म्हणणं हा सरळ आरोप आहे, आणि त्याला तुम्ही एकही कारण दिलेलं नाही. मी बरीच वर्षं उत्तर फिनलंडमध्ये राहतोय. ही वाट मी बर्फ वितळताना चाललोय, जूनअखेरीस डासांची जाळी तोंडावर ओढून चाललोय, दिवसभराच्या पावसात चाललोय आणि शरदात फळ्यांवर दव गोठलेलं असतानाही चाललोय. दलदलीवर टाकलेल्या त्या अरुंद फळ्या ओल्या झाल्या की पाय कसा सटकतो, हे नकाशावर दिसत नाही. पाइनची मुळं वाटेवर किती वर आलेली आहेत, झुलता पूल मधोमध गेल्यावर किती हलतो, तेही दिसत नाही.

आईला घेऊन गेलो होतो तेव्हाचं सांगतो. सपाटीवर ती माझ्यापुढे चालते. वाटेवरच्या कल्लिओपोर्त्ती या उंच कड्याच्या लांबलचक लाकडी जिन्यावर ती मध्येच बसली. गुडघ्यांनी नाही म्हटलं. आम्ही थांबलो, पाणी प्यायलो, मग कठडा धरून एकेक पायरी. फेरी तिने पूर्ण केली आणि तिला ती आवडलीही, पण तिच्यासमोर या वाटेला ‘अगदी सोपी’ म्हणण्याची माझी हिंमत नाही. तुम्हीही म्हणू नये.

तुम्ही जुलैच्या कोरड्या दिवशी, धावायचे बूट घालून, तीन तासांच्या आत फेरी संपवलीत. छान. त्यावरून तुमचा दम कळतो. वाटेची श्रेणी लिहिताना मला तुमच्याबद्दल लिहायचं नसतं. सुट्टीत पहिल्यांदाच उत्तरेच्या जंगलात येणारं कुटुंब, हाताशी लहान मूल, पाठीवर जेवणाची पिशवी आणि दुपारनंतर पाऊस, असं चित्र माझ्यासमोर असतं. गोल वाट आहे. निम्म्यावर पोचून थकलात तर पुढे जा नाहीतर मागे फिरा, अंतर तेवढंच. ‘सोपी’ वाचून आलेल्या माणसाला हे निम्म्यावर कळलं तर त्याने काय करायचं? तुमच्या प्रतिक्रियेत याचं उत्तर कुठेही नाही.

याच उद्यानातून 82 किलोमीटरची, काही दिवसांची मोठी कार्हुनकिएर्रोस वाट जाते. ती करणाऱ्यांना ही फेरी हलकी वाटणारच, आणि म्हणूनच मी हिला ‘अवघड’ म्हटलेलं नाही. ‘मध्यम’ म्हटलं.

घाबरवण्याबद्दल एवढंच. पकड असलेले बूट घाला, फोनची बॅटरी भरून न्या, आपत्कालीन क्रमांक 112, वणव्याचा इशारा असेल तेव्हा उघड्यावर आग पेटवू नका, एरवीही ठरवून दिलेल्या जागीच पेटवा. यात घाबरण्यासारखं काय आहे? आगीचा नियम तर कायद्याने सगळ्यांना लागू आहे, मला आवडतो म्हणून लिहिलेला नाही. हेच लेखातून काढा म्हणता? नाही काढणार.

श्रेणी बदलणार नाही. मात्र तुमच्यामुळे नाही, तर तुमच्या प्रतिक्रियेखाली दोघातिघांनी आईवडिलांना नेण्याबद्दल विचारलंय म्हणून, एक सल्ला लेखात वाढवतोय: ज्यांना जिन्यांची धास्ती आहे त्यांनी नदीतल्या म्यूल्लिकोस्की या खळाळत्या टप्प्यावरची जुनी पाणचक्की बघावी, यूरॅवॅ धबधब्यापर्यंत जावं, तिथे डबा खावा आणि आल्या वाटेने परत फिरावं. तेवढ्यातही नदीचा सर्वांत देखणा भाग बघून होतो. वाटेत थोडे चढउतार आणि पायऱ्या तिथेही आहेत, पण घाई केली नाही तर जमतं.

वाटेबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, वेळ काढून उत्तर देईन. मी तिथे गेलो होतो की नाही, यावर पुन्हा लिहिलंत तर देणार नाही.