मिलिटरीत जाऊन आले म्हणून आता चालतात होय?

काल एका साखरपुड्यात जेवायला बसलो होतो. समोरच्या काकांनी माझ्या भाचीला विचारलं, "काय गं, तुझे ते लिपस्टिकवाले मिलिटरीत जाऊन आले म्हणे? चला, आता तरी पुरुष झाले!" आणि स्वतःच हसले. आजूबाजूचे पण हसले. काका मुलाकडचे, त्यामुळे मी मठ्ठा पीत गप्प बसले. पण रात्री झोप येईना, म्हणून इथे लिहितेय. लांब होणार आहे, आधीच सांगते.

तर ते लिपस्टिकवाले म्हणजे बीटीएस. गाणारी-नाचणारी सात कोरियन पोरं. २०१३ च्या जूनमध्ये पहिलं गाणं आलं तेव्हा कोरियात गाण्यांच्या तीन बड्या कंपन्यांची मक्तेदारी होती आणि ह्यांची कंपनी त्यांतली नव्हती. सातही जण एका खोलीत झोपायचे. २०१४ साली लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर उभं राहून स्वतःच्या फुकट कार्यक्रमाची पत्रकं वाटली. चार वर्षांनी न्यूयॉर्कचं सिटी फील्ड स्टेडियम भरलं, पुढच्या वर्षी लंडनचं वेम्बली. मधे संयुक्त राष्ट्रांत भाषण. आणि हे जवळजवळ सगळं कोरियन भाषेतल्या गाण्यांवर. हो, 'डायनामाइट' इंग्रजीत केलं आणि अमेरिकेत पहिला नंबर त्यानेच आणला, मान्य. पण त्यानंतर तीनेक महिन्यांत 'लाइफ गोज ऑन' हे कोरियन गाणं थेट पहिल्या नंबरवर आलं, ते कुणी सांगत नाही.

ह्यातलं काही काकांना दिसलं नाही. दिसलं काय, तर डोक्यावरचे केस उतरलेले.

माझी भाची २०२४ मध्ये लातूरला होती. मेडिकलची नीट परीक्षा रिपीट. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना वेगळं सांगायला नको. फोन रेक्टरबाईंकडे जमा, रविवारी तेवढा मिळायचा. दिवाळीनंतर मी फराळ घेऊन गेले तर पोरीने लोखंडी कपाट उघडून दाखवलं. दाराच्या आतल्या बाजूला पिरियॉडिक टेबल, त्याच्या खाली झेरॉक्सवाल्याकडून काढून आणलेले सात छोटे कलर फोटो, कडेने कात्रीने नीट कापलेले. प्रत्येकाखाली जेल पेनाने एकेक तारीख, त्याची मिलिटरी संपायची. जिन, १२ जून २०२४, काट मारलेली. जे-होप, १७ ऑक्टोबर, काट मारलेली, शाई ताजी. बाकी पाच शिल्लक. मला म्हणाली, "मावशी, ह्यांची तारीख ठरलेली आहे गं. माझीच नाहीये."

मी काय बोलणार? चकल्यांचा डबा पुढे केला.

आता मिलिटरीचंच बोलू. दक्षिण कोरियात धडधाकट मुलाला जावंच लागतं, सैन्यात अठरा महिने. पण ऑलिंपिकचं कुठलंही पदक किंवा एशियाडचं सुवर्ण मिळालं तर सूट. शास्त्रीय संगीताच्या ठरावीक स्पर्धा जिंकलेल्या पियानोवाल्यालाही सूट. सॉन ह्युंग-मिन नावाचा एवढा मोठा फुटबॉलर २०१८ च्या एशियाडमुळे वाचला, तीन आठवड्यांचं ट्रेनिंग आणि थोडी समाजसेवा केली की झालं. ह्या सातजणांना मात्र २०२० मध्ये कायदा बदलून दिलं काय, तर वयाच्या तिशीपर्यंत भरती पुढे ढकलायची मुभा. म्हणजे सरकारला २०३० चं वर्ल्ड एक्स्पो, ते जागतिक प्रदर्शन, बुसान शहरात आणायचं म्हणून हे जगापुढे मिरवायला हवेत, १५ ऑक्टोबर २०२२ ला बुसानमध्ये त्यांचा फुकट कार्यक्रम हवा, आणि दोनच दिवसांनी जाहीर, की हे आता भरती होणार. शनिवारी देशाची शान, सोमवारी रांगेत उभे रहा. एवढं करून एक्स्पो मिळालं रियाधला!

ह्यावर आमचे दाजी, म्हणजे ह्याच पोरीचे वडील, मला गप्प करतात. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, कायदा आहे तर सगळ्यांना हवा, ज्या पोरांना कुणी ओळखत नाही तीपण आयुष्याची दीड वर्षं देतातच की. बरं, हे पटतं मला. मनापासून नाही, पण पटतं.

आणि गंमत बघा, जो माणूस खरोखर फौजेत होता त्याने ह्या पोरांना एकदाही नाव ठेवलं नाही. लेकीने सांगितलं की जंगकूक किचनमध्ये होता, तर दाजी खूश! "लंगर सांभाळणारा माणूस सगळ्या कंपनीला उपाशी ठेवू शकतो, त्याच्याशी कुणी वाकडं वागत नाही." आरएम मिलिटरी बँडमध्ये होता आणि सुटला त्या दिवशी बाहेर येऊन चाहत्यांसमोर सॅक्सोफोन वाजवला, ते त्यांनी पोरीच्या फोनवर दोनदा बघितलं. काकांनी एनसीसीसुद्धा केलेली नाही. मला पक्कं माहीत आहे.

काकांचं पुढचं ऐका. "त्यातला एक तर गेलाच नाही म्हणे, ऑफिसात बसला होता." इथे माझं डोकं फिरलं. तो शुगा. देगू शहरातनं आलेला, ट्रेनी असताना पैसे पुरेनात म्हणून मोटरसायकलवर डिलिव्हरी करायचा. गाडीने उडवलं, खांदा गेला. कंपनीला कळलं तर घरी पाठवतील म्हणून लपवून ठेवलं. त्याच खांद्यावर वर्षानुवर्षं नाचला, आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ऑपरेशन करून घ्यावं लागलं. म्हणून त्याला सैन्याऐवजी दुसरी सरकारी सेवा दिली. (ऑगस्ट २०२४ मध्ये तो दारू पिऊन इलेक्ट्रिक स्कूटर चालवताना सापडला, लायसन्स गेलं, दीड कोटी वॉन दंड बसला. चूकच. त्याची बाजू मी घेणार नाही.) पण घरोघरी डबे पोचवताना मोडलेल्या खांद्याला तुम्ही साखरपुड्याच्या टेबलावर हसता?

त्या कपाटाची अजून एक गोष्ट राहिली. ते फोटो आधी पोरीच्या पलंगाजवळ भिंतीवर होते. रेक्टरबाई म्हणाल्या, काढ, लक्ष विचलित होतं. शेजारच्या पलंगावरच्या मुलीचा भिंतीवर धोनी होता, चांगला मोठा. तो राहिला! धोनीने लक्ष विचलित होत नाही, धोनीने प्रेरणा मिळते. माही माझाही लाडका आहे, उगाच भांडू नका. पण आमच्या घरातले बाप्ये २०१९ च्या सेमीफायनलला तो रनआउट झाला तेव्हा जेवले नव्हते, आणि त्यांना कुणी "वेडी पोरं" म्हटलं नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला काही आवडलं की ते आपोआप थिल्लर कसं होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. मग त्याच पोरांनी डोकं भादरून बूट घातले की अचानक आदर. आधीची दहा वर्षं काय झोपा काढत होते का?

आणि लिपस्टिकचं म्हणाल तर आपल्याकडे पुरुषांनी रंग लावून, नऊवारी नेसून नाटकं गाजवलीत. बालगंधर्वांचं नाव घेताना हेच काका कानाला हात लावतात.

असो. राग उतरला थोडा लिहून. २०२५ च्या जूनमध्ये १० आणि ११ तारखेला चौघं सुटले, १४ ला नीटचा निकाल लागला, २१ ला शेवटचा शुगा सुटला. ते दहा-बारा दिवस आमच्या घरात कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत.

निकालाचं काय झालं ते कमेंटमध्ये विचारू नका. फारच काळजी असेल तर तिला फोन करा, आणि आधी तिचा आवडता कोण ते विचारा.

(शुगा.)